आईंना समुद्र दाखवायचा उत्तम काळ

मंगळूरला जायचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय आणि इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं तरी माझं डोकं फिरतं. कुणासाठी उत्तम, हे मात्र कुणी सांगत नाही. आमची दोन वर्षं या एका वाक्यानं खाल्ली. आता परत आल्यापासून आमच्या बंगलोरच्या महाराष्ट्र मंडळातली निम्मी माणसं विचारतात, की भर पावसात, त्यातून अमावास्येला, सत्तरीला टेकलेल्या बाईला घेऊन तिकडे जायची ही कसली हौस. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सत्तरीला टेकलेल्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर नागपूरचं बिऱ्हाड आवरून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यातून सुटलेल्या माणसाला बंगलोर म्हणजे स्वर्गच वाटायला हवा. पण आईंनी बाल्कनीत उभं राहून समोरच्या झाडांकडे नीट पाहून घेतलं आणि विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एवढंच विचारलं, की इथून समुद्र किती लांब. नागपूरच्या माणसाला समुद्र चारी दिशांना सारखाच लांब. आईंनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी अंबाझरी तलावाचं. त्यांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी आमच्या देखतच सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती पुरेल ते सांगता येत नाही. आहे तोवर एकदा समुद्र पाहून घेते, असं आई म्हणाल्या. मागणं एवढंच होतं आणि वाट एका दिवसाच्या बसची होती.

बंगलोर

विलास बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. केसाएवढा फरक पडला तरी माल परत पाठवायचा, ही त्याची नोकरी, आणि ती तो संध्याकाळी घरीही घेऊन येतो. आईंची इच्छा ऐकल्यावर त्यानं काय करावं? तिकिटं काढावीत? नाही. त्यानं आलेखाचा कागद काढला, बारा महिन्यांचे बारा चौकोन पाडले आणि लोकांना विचारत सुटला.

त्याच्या कारखान्यातले शेट्टी मूळचे मंगळूरकडचे. ते म्हणाले, मे महिन्यात नको, अंगाचं पाणी पाणी होतं. मे खोडला गेला. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणून ते चार खोडले, आणि जुलैवर तर विलासनं लाल पेन्सिलीनं दोनदा काट मारली. ऑक्टोबर चिकचिकीत म्हणून गेला. मार्च-एप्रिल मे महिन्याच्या शेजारी राहतात म्हणून गेले. मंडळातले कुलकर्णीकाका तीन पिढ्यांचे बंगलोरी, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, "सरी, अगदी करेक्ट आहे. स्वल्प थांबा की. समुद्र काय कुठं पळून जातोय काय?"

समुद्र पळून जाणार नव्हता हे खरंच आहे.

बंगलोरची माणसं हवेच्या बाबतीत फार लाडावलेली आहेत. आमच्या घरात पंखा लागत नाही, हे ती पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. चार थेंब घाम आला की त्यांना अन्याय झाल्यासारखा वाटतो. अशा माणसांना दुसऱ्या गावाच्या हवेबद्दल विचारायचं आणि वर त्यांचं ऐकायचं, यासारखा वेडेपणा नाही. नागपूरच्या उन्हात अडुसष्ट उन्हाळे काढलेल्या बाईला मंगळूरचा घाम सोसवणार नाही, हे ठरवणारे हे कोण? बरं, खुद्द त्या बाईला मात्र कुणीही काही विचारलं नाही.

त्याच जुलैत विलासला कामासाठी मंगळूरला जायचं निघालं. कंपनीची गाडी होती, मागची सीट रिकामी होती. आईंनी न सांगता पिशवी भरून ठेवली. विलास म्हणाला, पावसात समुद्र बघण्यासारखा नसतो, आणि एकटाच गेला. त्या दिवशी दुपारी मी पाहिलं, आई पिशवीतली लुगडी एकेक करून परत कपाटात लावत होत्या, अगदी कडेला कड जुळवून. तेव्हा त्यांना कड दिसत होती. मीही त्या दिवशी फार भांडले नव्हते. घाट खराब असतो म्हणे पावसात, असं मीही म्हटलं होतं. तेवढा राग माझा माझ्यावर आहे आणि तो इथेच लिहून ठेवते.

मग उत्तम काळ आला. डिसेंबर. नेमकी त्याच वेळी कारखान्याला कुठलंसं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायची हुक्की आली. त्या वर्षांत बंगलोरच्या प्रत्येक कारखान्याला ती आली होती. परदेशी तपासनीस यायचे म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. प्रमाणपत्र मिळालं, चौकटीत बसवून दाराशी लावलं, पेढे वाटले. फेब्रुवारी संपला आणि विलासनं शांतपणे कागदावर पुढच्या नोव्हेंबरला बाण काढला.

त्या वर्षी गणपतीत आरतीच्या वेळी आईंनी तबक देवाच्या डाव्या बाजूच्या भिंतीला ओवाळलं. आरती पुरी होईपर्यंत त्या भिंतीलाच ओवाळत राहिल्या.

पणंबूर, डिसेंबर

शेवटी गेलो, अगदी उत्तम काळात. बस हासन, सकलेशपूर करत घाट उतरली आणि बंगलोरहून चढलेली माणसं एकेक करून स्वेटर आणि माकडटोप्या काढू लागली. हवा ओली आणि उबदार होती. आई म्हणाल्या, आता कुठं माणसात आल्यासारखं वाटतं. म्हणजे हवेचाही प्रश्न नव्हताच.

शहर सुरेख आहे, उगीच नावं ठेवणार नाही. लाल माती, लाल कौलं आणि जिथे तिथे नारळ. कोकण रेल्वेचं काम तेव्हा चालू होतं, आणि मंगळूर आता मुंबईला जोडलं जाणार याची चर्चा प्रत्येक हॉटेलात. सकाळी आम्ही नीर दोसे खाल्ले. आपल्या कोकणातल्या घावनाचे हे सख्खे भाऊ, पण इतके पातळ आणि मऊ की आईंनी बोटांनी चाचपून विचारलं, हा दोसा आहे की हातरुमाल. दुपारचा भात जाड्या तांबड्या उकड्या तांदळाचा. नागपूरच्या बाईला आपली पोळी नाही म्हणजे जेवण नाही. त्यातून भाजीत नारळ, आमटीत नारळ, चटणीत नारळ. आई म्हणाल्या, यांच्या घरी तिखट पाहुण्यासारखं दिसते. तरी दोनदा भात घेतला.

संध्याकाळी पणंबूरच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र अगदी पुस्तकात लिहिलाय तसा होता, निळा आणि शांत. उत्तम काळ असल्यामुळे माणसांची जत्रा होती. भेळवाले, फुगेवाले, शाळांच्या सहली, टेपवर मोठ्यानं लावलेली सिनेमाची गाणी. आईंना तोपर्यंत फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्या आम्हा दोघांच्या मध्ये वाळूत उभ्या राहिल्या. विलास त्यांना सांगायला लागला, की आई, समोर निळं पाणी आहे, काठाशी जरा फिकट, दूर गडद, दोन जहाजं उभी आहेत. तो मनापासून सांगत होता. आई मान वळवून ऐकत होत्या, पण त्याचं नव्हे. त्या समुद्राचं काही ऐकू येतं का ते पाहत होत्या.

आम्ही त्यांना पुढे नेलं. घोट्याएवढं कोमट पाणी आलं आणि गेलं. डिसेंबरात तिथे लाट म्हणजे नुसती पाण्याची सुरकुती. आई बराच वेळ थांबल्या आणि मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "सुनंदा, खरं सांग. हा तर काहीच बोलून नाही राहिला. तुम्ही मला एखाद्या तलावावर तर नाही ना आणलं?"

मी खाली वाकून त्यांची बोटं पाण्यात बुडवली आणि म्हटलं, चाखून पाहा. त्यांनी जिभेला लावलं. खारट आहे, असं म्हणाल्या आणि हसल्या. विलासनं आणलेला छत्तीस फोटोंचा रोल मात्र पुरा संपवला. घरी त्यातले फोटो आहेत. आई प्रत्येक फोटोत समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या आवाजाकडे तोंड करून उभ्या आहेत.

त्या रागाचं वर्णन मला करता येत नाही. मला त्या शांत निळ्या पाण्याचाच राग आला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते डोळे असणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेलं दृश्य होतं, आणि वाट पाहण्यात डोळेच गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उळ्ळालला जेवायला गेलो. तिथे वत्सलाबाई म्हणून एक विधवा बाई घरातच खानावळ चालवतात, मागच्या अंगणापलीकडे माडांची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. कोंकणी बोलणाऱ्या, पण लग्नानंतर काही वर्षं मुंबईत काढल्यामुळे मराठी छान बोलतात, जरा हेल काढून. आईंनी त्यांनाही तेच विचारलं, की तुमचा समुद्र असा मुका का. वत्सलाबाई हातातली पळी घेऊन तशाच खाली बसल्या.

"अहो, आता तो झोपलाय," त्या म्हणाल्या. "त्याला ऐकायचं तर आटीत या. अमावास्येला या. तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोलतो."

आटी म्हणजे त्यांच्याकडचा पावसाचा महिना, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सांध्यावरचा. आपल्याकडे आषाढात लग्नं करत नाहीत आणि नव्या सुनेला माहेरी धाडतात, तसंच तिथेही. मंगलकार्य नाही, मासेमारी बंद, घरातलं धान्य सरत आलेलं, आणि पाहुण्यांनी तर येऊच नये असा रिवाज. वत्सलाबाई त्या महिन्यात खानावळही बंद ठेवतात. म्हणजे बाई आम्हाला, आपला रिवाज मोडून, घरी बोलावत होत्या.

आई उठताना म्हणाल्या, येते मग मी आटीत. विलास हसला. त्याला वाटलं, त्या शिष्टाचार म्हणून बोलल्या.

उळ्ळाल, आटीची अमावास्या

जुलै लागला तशी मी एसटीडी बूथवरून वत्सलाबाईंच्या शेजाऱ्यांना फोन करून अमावास्या कधी ते पक्कं करून घेतलं आणि तीन तिकिटं काढली. मग विलासला सांगितलं.

त्यानं तो कागद काढला. खरंच काढला, दोन वर्षं जपून ठेवला होता. लाल काट मला दाखवून म्हणाला, की घाटात दरडी पडतात, आईला सर्दी होईल, किनाऱ्यावर उभं राहवत नाही. सगळं खरं होतं, त्याची माहिती कधीच चुकत नाही. कुलकर्णीकाकांना कुठून कळलं कोण जाणे, ते घरी येऊन पाऊस, आटी आणि अमावास्या अशी तीन बोटं मोजून गेले. शेट्टी म्हणाले, आमच्या गावचे लोकसुद्धा या दिवसांत गावाला जात नाहीत. मी सगळ्यांना चहा दिला. विलासला एवढंच सांगितलं, की तिसरं तिकीट तुझं आहे, आलास तर ठीक, नाहीतर त्या सीटवर पिशव्या ठेवू. निघायच्या दिवशी सकाळी तो तीन रेनकोट, दोन छत्र्या आणि औषधांचा डबा घेऊन आमच्या आधी बसस्टँडवर उभा होता.

शिराडीच्या घाटात झाड आडवं पडलं होतं. चार तास बस जागची हलली नाही. ड्रायव्हर बिडी ओढत प्रत्येकाला 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', थोडं सांभाळून घ्या, म्हणत होता. विलास खाली उतरून पाहायला गेला आणि घोट्याला जळू चिकटवून परत आला. आईंनी शेजारणीकडून तंबाखू मागून घेतली आणि ती जळू स्वतः, चाचपत, सोडवली. खोटं कशाला बोलू, मला त्या जळूबद्दल फारसं वाईट वाटलं नाही.

मंगळूरच्या ज्या हॉटेलात डिसेंबरात उतरलो होतो, तिथे रात्र काढायची होती. मॅनेजरनं सांगितलं, की समुद्राच्या बाजूच्या खोल्या बंद आहेत, सीझन नाही. मी म्हटलं, समुद्र तर आहे ना? तो म्हणाला, आहे, पण आत्ता बघण्यासारखा नाही. मी त्याच्याशी वाद घातला, आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा घातला. माझ्या दोन वर्षांच्या रागाला एकटा तोच हाताशी सापडला होता. त्याची चूक नव्हती हे आज कळतं.

सकाळी रिक्षानं उळ्ळालला निघालो. पाऊस सरळ पडत नव्हता, आडवा येत होता. नेत्रावतीचा पूल ओलांडून गावात शिरलो तेव्हा आईंनी माझा दंड धरला आणि विचारलं, "इथं कोणता कारखाना आहे गं?"

मी काही बोलणार, तोच विलास म्हणाला, "कारखाना नाही, आई."

माझ्या दंडावरची त्यांची पकड घट्ट झाली. समुद्र अजून अर्धा मैल होता.

वत्सलाबाईंनी आधी आत नेऊन डोकी पुसायला लावली. मग पितळी पेल्यांतून सप्तपर्णीच्या सालीचा काढा दिला. त्या अमावास्येला तिथे घरोघरी तो पितात, वर्षाची दुखणी पळतात म्हणून. गुढीपाडव्याचा आपला कडुनिंब त्यापुढे साखर म्हणावा. विलासचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यानंतर पत्रोडे आले, म्हणजे आपल्या अळूवड्याच, पण तांदळाचं वाटण लावून उकडलेल्या, चिंचगुळाच्या, आणि फणसाच्या आठळ्यांची तिखट उसळ. धान्य सरलेल्या महिन्यात एवढं कुठून आणलं, असं आईंनी विचारलं. वत्सलाबाई म्हणाल्या, या महिन्यात आम्ही परसातलं खातो, डबे उघडत नाही. जेवताना आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. दर थोड्या वेळानं भिंत थरथरे आणि मांडणीवरच्या ताटल्या वाजत.

भरतीची वेळ झाली तशा आई आपण होऊन उठल्या. मागच्या अंगणाच्या टोकाला सरकारनं समुद्र अडवायला टाकलेले मोठे काळे दगड होते. गेल्या पावसात दोन माड वाहून गेले, असं वत्सलाबाई सांगत होत्या. उरलेल्यांपैकी एका माडाला आईंनी दोन्ही हातांनी मिठी मारली. आम्ही दोन बाजूंना उभे राहिलो. विलासनं त्यांच्यावर छत्री धरली होती आणि ती वाऱ्यानं उलटू नये म्हणून त्याचे दोन्ही हात गुंतले होते.

एक लाट दगडांवर फुटली, आणि पायाखालची जमीन हलली. मी तोवर समुद्र अनेकदा पाहिला होता, पण हे माझ्या ओळखीचं नव्हतं. मला चक्क भीती वाटली. आईंच्या तोंडावर खारं पाणी उडालं. त्या काहीतरी बोलत होत्या, ते आम्हाला उद्देशून नव्हतं, आणि ऐकूही येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते. मध्येच त्या हसल्या. सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

मग त्यांनी विलासकडे तोंड वळवलं आणि मोठ्यानं विचारलं, "रंग कसा आहे रे?"

डिसेंबरात धडाधड सांगत सुटलेला हा माणूस. मला वाटलं, हा आता निळा म्हणणार, आणि म्हणाला असता तर मी त्याला माफही केलं असतं. पण त्यानं समोर नीट पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "मातकट आहे, आई. नद्यांचा सगळा गाळ आलाय. चहासारखा दिसतोय. बघण्यासारखं काही नाही."

एक लाट आली आणि गेली.

"मग बरं झालं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मी आपली समजून राहिली होती, की माझं काहीतरी मोठं पाहायचं राहून गेलं."

दोन वर्षांत त्यांनी हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. विलासला, मला, कुणालाच नाही. विलासनं तोंड दुसरीकडे वळवलं. त्याचे हात छत्रीत अडकलेले होते, त्याला डोळेही पुसता येईनात. आईंनी माडावरचा एक हात सोडला, वर चाचपून छत्रीची काडी शोधली आणि ती बाजूला ढकलली.

"हटव ते," त्या म्हणाल्या. "भिजू दे."

त्यानं छत्री मिटली.